बागेतले स्वयंपाकघर: ओट्याआधी काय ठरवावे आणि कामे कोणत्या क्रमाने करावीत

बागेत स्वयंपाकाची सोय करताना चूक होते ती बहुधा एकाच ठिकाणी: गवंडी कामाला येतो आणि सगळ्यांत आधी ओटा बांधून घेतला जातो. मग प्लंबर येऊन पाइपसाठी ओट्याचा पाया फोडतो, वायरमन नव्या फरशीखालून केबल नेण्यासाठी फरशी उचकटतो आणि शेवटी आलेली शेगडी ग्रॅनाइटच्या खाचेत बसत नाही. माझ्या स्वतःच्या बागेतला ओटा दोनदा फोडावा लागला. पहिल्यांदा सिंकचा पाइप चेंबरपेक्षा खाली गेल्यामुळे पाणी उलटे येऊ लागले म्हणून, आणि दुसऱ्यांदा शेगडीची खाच पाऊण इंचाने अरुंद कापली गेली म्हणून. दोन्ही वेळा दोष कारागिराचा नव्हता. मी कामांचा क्रमच चुकवला होता. म्हणून या लेखात सजावटीविषयी फार लिहिलेले नाही. कोणते काम कशाच्या आधी यावे, एवढ्यावरच भर दिला आहे.

हे मार्गदर्शन बंगल्याची बाग किंवा शेतघर डोळ्यासमोर ठेवून लिहिले आहे, जिथे एरवी घरचे चार-पाच जण आणि सणासुदीला किंवा हुरड्याच्या दिवसांत पंधरा-वीस माणसे जेवतात.

## पूर्वतयारी: एक पावसाळा आणि दहा संध्याकाळी

शक्य असेल तर जागा ठरवण्यापूर्वी एक पावसाळा जाऊ द्या. मुसळधार पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने छत्री घेऊन बागेत फिरा आणि पाणी जिथे साचले आहे तिथे खुंट्या ठोका. त्या खुंट्यांच्या आत स्वयंपाकघर येता कामा नये, मग ती जागा कितीही सोयीची वाटो. पावसाची झड कोणत्या बाजूने येते हेही त्याच वेळी पाहून ठेवा. महाराष्ट्रात पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, पण शेजारची इमारत, टेकडी किंवा झाडांची रांग त्याची दिशा वळवते. त्यामुळे नकाशापेक्षा स्वतःच्या ओल्या भिंतीवर विश्वास ठेवावा.

दुसरी तयारी धुराची. बागेतला स्वयंपाक बहुतेक संध्याकाळी होतो, म्हणून वाराही संध्याकाळचाच तपासायला हवा. एका स्टुलावर, साधारण तीन फूट उंचीवर, उदबत्ती लावा आणि साडेसहा, आठ व साडेनऊ वाजता धूर कुठे जातो ते वहीत लिहा. असे निदान दहा संध्याकाळी करा. कोकण किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून वारा येतो आणि रात्री तो जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. त्यामुळे सात वाजता घरापासून दूर जाणारा धूर नऊ वाजता पाहुण्यांच्या तोंडावर येऊ शकतो. अशा ठिकाणी चूल आणि बसायची जागा पूर्व-पश्चिम रेषेत न ठेवता उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे वारा कोणत्याही बाजूचा असला तरी धूर बसणाऱ्यांना आडवा निघून जातो. देशावर थंडीत संध्याकाळी वारा पडतो आणि धूर खालीच रेंगाळतो. तिथे दिशेपेक्षा अंतर महत्त्वाचे असते.

तिसरी तयारी कागदावरची. तिथे नेमके काय शिजणार आहे? चहा-भजी, चुलीवरची भाकरी आणि रस्सा, कबाबांची जाळी, की अलिबाग-पेणकडे करतात तशी पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा)? प्रत्येकाला वेगळी उंची आणि वेगळी जागा लागते. भाकऱ्या थापणारी व्यक्ती बसून काम करणार असेल, तर ३४ इंचांच्या ओट्यावरची चूल तिच्या काहीच उपयोगाची नाही. घरात प्रत्यक्ष स्वयंपाक कोण करते, हे विचारल्याशिवाय आराखडा काढू नका.

सावधान: पक्के छत घालायचे असेल, तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा तुमच्या भागाचे जे नियोजन प्राधिकरण असेल त्यांच्याकडे परवानगीची चौकशी आधी करा. सोसायटीच्या आवारात सोसायटीची लेखी संमतीही घ्या.

## टप्पा १: जागा निश्चित करणे

घरातल्या स्वयंपाकघराच्या दारापासून बागेतल्या ओट्यापर्यंत चालून पाहा आणि हातात पाण्याने भरलेले पातेले घ्या. पाणी न सांडता, दम न लागता जिथपर्यंत जाता येते, ते तुमचे खरे अंतर. वीस-पंचवीस पावलांच्या पलीकडे गेलेली स्वयंपाकघरे पहिल्या हौशीनंतर सहसा वापरात राहत नाहीत, कारण मीठ विसरले तरी फेरी पडते.

झाडाखालची सावली मोहात पाडते. नारळाखाली तर कधीच नको. झावळी आणि नारळ दोन्ही पडतात. आंब्याखाली चीक आणि मोहोर ओट्यावर गळतो, जांभळाखाली फरशीचे डाग जात नाहीत, शेवग्याची फांदी ठिसूळ असते आणि त्यावर केसाळ सुरवंट येतात. वड, पिंपळ, उंबर जवळ असतील, तर त्यांची मुळे सांडपाण्याच्या पाइपच्या सांध्यांत शिरतात. चुलीच्या थेट वर कोणत्याही झाडाची फांदी नको आणि वाळक्या पानांचे बांबूचे बेट तर चुलीच्या आसपासही नको.

जागा ठरली की फक्कीने जमिनीवर आखणी करा आणि त्या आखणीत घरातले टेबल, एक साधी शेगडी व पाण्याची बादली ठेवून एक पूर्ण जेवण शिजवा. हा प्रयोग बहुतेक जण टाळतात, पण डाव्या हाताला जागा कमी पडते, मावळतीचे ऊन डोळ्यांवर येते, ताटे ठेवायला जागाच नाही, असे प्रश्न याच वेळी उघड होतात. या टप्प्यावर दुरुस्तीचा खर्च फक्त मूठभर फक्कीचा असतो.

तपासणी: शेगडीच्या दोन्ही बाजूंना निदान दीड फूट मोकळा ओटा मिळतो का? ओट्यासमोर दोन माणसे एकमेकांना न धडकता जाऊ शकतात का? त्यासाठी चार फूट तरी रुंदी लागते.

## टप्पा २: उपकरणे कागदावर पक्की करणे

उपकरणे विकत नंतर घ्यायची, पण कोणती घ्यायची ते आता ठरवायचे. प्रत्येक वस्तूच्या माहितीपत्रकात बाहेरचे माप आणि खाचेचे माप वेगवेगळे दिलेले असते. गवंड्याला आणि ग्रॅनाइट कापणाऱ्याला खाचेचे माप द्यावे लागते. ते फोनवर सांगू नका. कागदावर काढून द्या आणि सही घ्या.

शेगडी उघड्यावर राहणार असेल, तर काचेच्या पृष्ठभागाची घेऊ नये. तापलेल्या काचेवर पावसाचे थेंब पडले तर ती तडकू शकते. स्टीलची शेगडी घ्या आणि ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होण्याची सोय असलेलीच घ्या, कारण बागेत वाऱ्याने ज्योत विझणे हा अपवाद नसून रोजचा प्रकार आहे.

स्टीलच्या बाबतीत एक गैरसमज पक्का बसला आहे, तो लोहचुंबकाचा. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, असे नसते. स्वस्तातले २०२ प्रतीचे स्टीलसुद्धा सहसा चुंबकाला चिकटत नाही, आणि तेच बागेत दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके दाखवू लागते. घाटावर ३०४ प्रत पुरते. समुद्रकिनाऱ्याजवळ खारे वारे असतात, तिथे मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत घ्यावी. बिलावर प्रतीचा आकडा लिहून घ्या. तो लिहायला दुकानदार तयार नसेल, तर दुसरे दुकान पाहा.

घरगुती फ्रिज उघड्या बागेत ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दमट हवा, मुंग्या आणि पाली त्याच्या मागच्या भागात शिरतात आणि उन्हात तो सतत चालू राहतो. फ्रिज हवाच असेल तर तीन बाजूंनी भिंत असलेल्या, सावलीतल्या, हवा खेळत्या कोनाड्यात तो ठेवा आणि बाहेरच्या वापराला हमी लागू आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. मिक्सर, किटली, इंडक्शन या वस्तू घरातून नेऊन परत आणाव्यात. त्यांच्यासाठी बागेत फक्त सॉकेट हवे.

## टप्पा ३: जमिनीखालची कामे

हा टप्पा घाईत उरकला, तर पुढचे सगळे फुकट जाते.

सांडपाण्यापासून सुरुवात करा, कारण पाणी चढावर जात नाही; केबल मात्र कुठूनही वळवता येते. सिंकपासून चेंबरपर्यंतच्या पाइपला दर १० फुटांना साधारण ३ इंच उतार द्यावा. म्हणजे चेंबर २५ फुटांवर असेल तर पाइपचे दुसरे टोक साडेसात इंच खाली गेले पाहिजे. चेंबरचा तळ तेवढा खोल आहे का, हे खोदण्यापूर्वीच लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पाहा. तो तेवढा खोल नसेल, तर ओट्याचे जोते उंच घ्यावे लागेल किंवा सिंकची जागा बदलावी लागेल. माझ्याकडे नेमकी हीच मोजणी राहून गेली होती.

सिंकचे पाणी थेट फुलझाडांच्या वाफ्यात सोडू नका. त्यातले तेल मातीवर थर धरते आणि खरकट्यावर उंदीर-घुशी येतात. सिंक आणि शोषखड्डा यांच्यामध्ये दोन कप्प्यांचे तेलचेंबर बांधा: पहिल्या कप्प्यात तेल तरंगत राहते आणि मधल्या भिंतीच्या खालच्या बाजूने पाणी पुढे जाते. झाकण एका माणसाला उचलता येईल असे असावे, नाहीतर ते कधीच साफ होत नाही.

पिण्याच्या पाण्याची नळी जमिनीखालून न्यावी. उन्हात उघडा राहिलेला पीव्हीसी पाइप काही वर्षांत ठिसूळ होतो. जो भाग उघडा राहणारच आहे, त्याला रंग द्या.

विजेसाठी आधी बेरीज करा. इंडक्शन २००० वॅट, किटली १५०० आणि मिक्सर ७५० धरला तर एकूण ४२५० वॅट होतात. २३० व्होल्टला भागल्यास हा भार सुमारे साडेअठरा अँपिअर येतो. एवढा भार घरातल्या एका १६ अँपिअरच्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन ओढून घेणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. मुख्य बोर्डावरून स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) घेऊन चिलखती, म्हणजे धातूचे कवच असलेली केबल जमिनीखालून आणा. ती ७५ सेंटिमीटर खोल, वाळूच्या थरात ठेवून वर विटांची ओळ आणि सूचनेची रंगीत पट्टी टाकावी, म्हणजे पुढे माळ्याची कुदळ तिच्यावर जाणार नाही. भार आणि अंतर पाहता तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची तार योग्य ठरते. लांबी २५ मीटरपेक्षा बरीच जास्त असेल, तर परवानाधारक वायरमनकडून हिशेब करून घ्या. पाण्याची नळी आणि केबल एकाच चरात टाकू नका.

तपासणी: चर बुजवण्यापूर्वी सांडपाण्याच्या पाइपमधून दोन बादल्या पाणी ओता आणि पाण्याच्या नळीत पूर्ण दाबाने पाणी एक रात्र ठेवा. मग प्रत्येक चराचा, शेजारी मोजपट्टी धरून, मोबाइलवर फोटो काढा. पाच वर्षांनी हे फोटोच तुमचा नकाशा असतील.

## टप्पा ४: जोते, छत आणि फरशी

जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच उंच घ्या. भराव टाकताना वाळवीवरचा उपचारही करून घ्या. फरशीला दर ५ फुटांना १ इंच उतार द्या, पण तो घराच्या भिंतीकडे नको. गुळगुळीत पॉलिश केलेली फरशी पावसात पाय घसरवते. खडबडीत शहाबादी किंवा भाजून खरखरीत केलेला ग्रॅनाइट बरा.

छताला मंगलोरी कौले उत्तम, कारण फटींतून गरम हवा निघून जाते. उतार मात्र तीस अंशांच्या आसपास हवा, नाहीतर झडीचे पाणी कौलांखाली शिरते. पारदर्शक पत्र्याखाली उन्हाळ्यात दुपारी उभे राहवत नाही. पागोळ्या ओट्यापासून निदान अडीच फूट पुढे पडाव्यात. लाकडाची चूल छताखाली असेल, तर तिला वीटकामाचे धुराडे देऊन ते छताच्या कण्यापेक्षा उंच न्या; धुराड्याला लाकडी वासा चिकटता कामा नये.

पोपटीसाठी किंवा हुरड्याच्या आगटीसाठी वेगळी मातीची जागा राखून ठेवा, छताबाहेर आणि झाडांपासून दूर. मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा तर तो फरशीवर कधीच करू नये. दगडात आणि काँक्रीटमध्ये मुरलेल्या पाण्याची आत वाफ होते आणि कपच्या मोठ्या आवाजाने उडतात. लहान मुले नेमकी तिथेच उभी असतात.

## टप्पा ५: ओटा

आता ओटा. उंची ३२ ते ३४ इंच आणि खोली २४ इंच ही सर्वसाधारण मापे, पण स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला विटांच्या थरावर ठेवलेल्या फळीसमोर उभे करून कोपरापासून चार-सहा इंच खाली येणारी उंची घ्यावी. वीस माणसांच्या पातेल्यासाठी शेजारी १८ ते २० इंचांचा बुटका टप्पा बांधा. उंच ओट्यावर ठेवलेल्या मोठ्या पातेल्यात डोकावता येत नाही आणि ते उतरवताना गरम रस्सा अंगावर येण्याची भीती असते.

वीटकाम किंवा कोकणात जांभा चालतो. प्लायवूड, अगदी पाण्याला टिकणारे म्हणून विकले जाणारेसुद्धा, झडीच्या जागी वापरू नका. दारांना ॲल्युमिनियम किंवा स्टील घ्या. वरचा दगड ग्रॅनाइटच हवा. कडाप्पा आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत. लिंबू, चिंच, कोकम सांडले की त्यांच्यावर फिकट ओरखडल्यासारखे डाग उठतात आणि ते पुसून जात नाहीत. काळा ग्रॅनाइट उन्हात हात लावू देत नाही, म्हणून ऊन येणाऱ्या ओट्याला करडा रंग निवडा. दगडाला पुढच्या बाजूस किंचित उतार द्या आणि पुढे आलेल्या कडेच्या खालून एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे ओघळ दारांवर न उतरता तिथेच तुटून खाली पडतो.

वीटकामाला आणि गिलाव्याला किमान सात दिवस, कोरड्या उन्हाळ्यात दहा दिवस पाणी मारा. त्याआधी ग्रॅनाइट बसवण्याची घाई केल्यास सांधे फुटतात.

सावधान: खाच कापण्याच्या दिवशी ठरवलेली शेगडी आणि सिंक प्रत्यक्ष जागेवर आणून ठेवा. माहितीपत्रकातले माप आणि हातातली वस्तू पुन्हा एकदा जुळवूनच कटर चालवू द्या.

## टप्पा ६: गॅस

सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि खड्ड्यात, नहाणीत (फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडात), बंद कपाटाच्या तळाशी साचतो. उघड्यावर आहे म्हणून धोका नाही, ही समजूत त्यामुळेच चुकीची आहे: ओटा उघड्यावर असतो, पण त्याखालचे कपाट बंद असते.

१४.२ किलोचे घरगुती सिलिंडर उभेच ठेवावे आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचीवर असावी. कपाटाची आतली उंची रेग्युलेटरसह ३० इंच तरी हवी. कपाटाला तळाशी, अगदी जमिनीलगत, दोन बाजूंनी जाळीची भोके आणि वरही भोके ठेवा. कपाटात सॉकेट, स्विच किंवा नहाणीचे तोंड नको. लाकडाची चूल सिलिंडरपासून निदान दहा फूट लांब ठेवावी. नळी आयएसआय चिन्हाची सुरक्षा नळीच असावी आणि तिच्यावर छापलेल्या मुदतीत बदलावी. बागेत उंदीर ती कुरतडतात, म्हणून दर वेळी वापरण्यापूर्वी हात फिरवून पाहा. नळी भिंतीतून आरपार नेऊ नये; तसे करायचे असल्यास अधिकृत फिटरकडून तांब्याची जोडणी करून घ्या.

गळती साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून कधीही नाही. गळतीची तक्रार करण्याचा क्रमांक १९०६ कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवा. घराचा भाग पर्यटकांना देत असाल तर घरगुती सिलिंडर वापरता येत नाही; व्यावसायिक जोडणी घ्यावी लागते.

## टप्पा ७: सॉकेट, दिवे आणि झाडे

सॉकेट झाकणाचे, आयपी५५ (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाची प्रत) किंवा त्याहून वरच्या प्रतीचे घ्या आणि ओट्यापासून एक फूट वर, सिंकपासून तीन फूट दूर बसवा. हिरवळीचे तुषार सिंचन सुरू करून त्याचे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचते का ते पाहा. पावसापासून वाचवलेला बोर्ड रोज सकाळी तुषारांनी भिजत असल्याचे मी एका बागेत पाहिले आहे. दिवा स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीमागे असेल तर त्याचीच सावली पातेल्यात पडते, म्हणून तो समोर आणि वर हवा. पिवळसर प्रकाशावर पांढऱ्यापेक्षा कमी किडे येतात. एक प्रखर पांढरा दिवा दूर, बागेच्या टोकाला लावल्यास उरलेले तिकडे जातात.

झाडे सगळ्यांत शेवटी लावा, कारण कारागिरांच्या पायांखाली ती टिकत नाहीत. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना आणि ओवा हाताशी असावेत, पण चुलीपासून चार-पाच फूट लांब.

## टप्पा ८: पहिली चाचणी आणि पावसाळ्याची आवराआवर

पाहुणे बोलावण्यापूर्वी घरच्यांचा एक स्वयंपाक अंधार पडल्यावर करा. सगळी उपकरणे एकदम चालू करून एमसीबी पडते का पाहा, आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबा, सिंक भरून एकदम सोडा आणि त्या वेळी तेलचेंबरचे झाकण उघडे ठेवून पाण्याचा वेग बघा. नव्या चुलीत पहिल्या दिवशी मोठा जाळ करू नका. तीन-चार दिवस थोडा थोडा जाळ करून ती आतून वाळू द्या.

शेतघर महिना-महिना बंद राहत असेल, तर सिंकखालच्या आणि नहाणीच्या ट्रॅपमधले (वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागातले) पाणी उडून जाते आणि त्यातून वास, झुरळे वर येतात. निघताना जाळी बसवा, आल्यावर आधी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. मे अखेरीस, पावसाळा सुरू होण्याआधी, सिलिंडर काढून घरात हवेशीर जागी न्या, बागेची एमसीबी बंद करा, तेलचेंबर उपसा आणि शेगडीचे बर्नर पुसून, वाळवून आत ठेवा. ओट्यावर प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका. त्याखाली दमटपणा कोंडतो आणि स्टीलवर डाग पडतात. कापडी आच्छादन घाला आणि खालची एक बाजू वाऱ्यासाठी उघडी राहू द्या.